बुधरीबाईने नापास केलेली फुलं

श्रीमती बुधरी लच्छू हिचामी, वय अंदाजे बासष्ट, जन्मतारीख एक जानेवारी (गावातील अन्य एकोणचाळीस व्यक्तींप्रमाणे), शिक्षण निरंक, व्यवसाय शेती व वनउपज गोळा करणे, राहणार मौजे रेंगाटोला, यांची वर्णसमृद्ध ग्राम उपक्रमांतर्गत 'स्थानिक पुष्पज्ञानधारक' या मानसेवी पदावर नियुक्ती करण्यात येत असून, गावालगतच्या विनावापर शासकीय जागेवर कायमस्वरूपी जांभळे उद्यान निर्माण करण्यासाठी, तसेच पाहणी पथकाच्या स्वागतार्थ पुष्परचना करण्यासाठी योग्य अशा जांभळ्या फुलांची निवड त्यांनी करावयाची आहे. सदर निवड अंतिम राहील.

हा कागद करिश्माने, म्हणजे सुनेने, मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा बुधरीबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. पदाबद्दल तिने काही विचारलं नाही. मानसेवी म्हणजे फुकट, हे तिला न सांगता कळलं होतं. तिने विचारलं ते एवढंच :

"विनावापर मतलब का वं?"

"कोनी वापरत नाई अशी, आत्या."

"असं कोन म्हन्ते?"

"कागद म्हन्ते."

बुधरीबाईने सूप खाली ठेवलं.

उपक्रम असा होता. जिल्ह्याच्या कुठल्याशा कार्यालयाने सात गावं निवडून त्यांना इंद्रधनुष्याचे सात रंग वाटले होते. ज्या गावाला जो रंग, त्या रंगाची बाग. पलीकडच्या गावाला पिवळा मिळाला. तिथे झेंडू उकिरड्यावरही आपोआप येतो, तेव्हा त्यांचं अर्धं काम गुरांनीच करून ठेवलं होतं. रेंगाटोल्याला जांभळा. बुधरीबाईचा दीर कोलू याने चावडीवर बसून याची मीमांसा केली, "ज्याईच्या सरपंचाचा जावई हापिसात, त्याईले पिवळा. आपल्या सरपंचाले पोरीच नाईत."

गावाने ही मीमांसा मान्य केली आणि विषय सोडून दिला. बुधरीबाईने नाही सोडला. तिच्या मते रंग हा मुद्दाच नव्हता. मुद्दा जागेचा होता.

कागदात जिला विनावापर शासकीय जागा म्हटलं होतं तिला गाव आखर म्हणतं. गावाच्या पूर्वेला दोनेक एकरांचा मुरमाड उंचवटा. सकाळी गुरं तिथे जमतात, मग गुराखी त्यांना घेऊन जातो, आणि दिवसभर तिथे वाऱ्याशिवाय कोणी नसतं. वर्षातले दहा-अकरा महिने सरकारचं म्हणणं खोटं नाही. पण शिमगा झाला की मोह गळायला लागतो, आणि सव्वीस घरांच्या बाया पहाटे टोपल्या भरून आणतात तो सगळा मोह वाळतो आखरावर. दुसरीकडे वाळत नाही. बाकी गाव झाडाखाली आहे. अंगणात ऊन येतं ते पाहुण्यासारखं, बसलं न बसलं की उठतं. आखरावर ते दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मुक्कामाला असतं. मोहाला सरळ तीन दिवस ऊन लागतं. सावली पडली की तो चिकट होतो, काळा पडतो, आंबतो. आंबवायचाच असेल तर तो वेगळा आंबवतात, त्याची नोंद इथे आवश्यक नाही. पण भाकरीत घालायचा, लाडूला वापरायचा, पावसाळ्यात भाजी संपल्यावर खायचा, तो मोह खणखणीत वाळलेला लागतो.

मग सांगून टाकायचं, की साहेब, ही जागा आमच्या वापराची आहे. करिश्मा हेच म्हणाली. बारावी झालेल्या माणसाला वाटतं की खरं सांगितलं की काम होतं.

बुधरीबाईने तिला कोलूकडे पाठवलं. कोलूची जंगलाला लागून एक बरड होती. वीस वर्षांपूर्वी एका खात्याचा माणूस तिथे आला, झाडाखाली बसला, पाणी प्याला आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "का जी, इथी का पेरता?" कोलूने उत्साहाने सांगितलं : कोदो, कुटकी, कडेला तूर. बापही पेरत होता. माणसाने सगळं वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात तिथे चर खणले गेले, सागाची रोपं लागली, तार आली आणि एक फलक आला, की इथे अतिक्रमण होतं, ते काढलं. सामूहिक वनहक्काच्या नकाशात पुढे बरंच जंगल गावाच्या नावाने आलं, पण आखर कोणत्या रेघेत बसलं नाही. ते गावठाणातही नाही आणि जंगलातही नाही. अशा जागेबद्दल कोणी आपुलकीने विचारलं तर बुधरीबाई गुराचं नाव सांगते.

आणि आता तिथे कायमस्वरूपी बाग. कायमस्वरूपी या शब्दाचा अर्थ तिने करिश्माला विचारला नाही.

अडचण आणखी एक होती. बुधरीबाई झाडाबद्दल खोटं बोलू शकत नव्हती. इतर बाबतीत तिची अशी काही ख्याती नाही. शिरगणतीवाल्याला तिने एकदा घरात सतरा माणसं सांगितली होती. पण ती मुळ्या देते. पोराचं पोट, बाईचं अंग, मोडलेलं हाड, गावातल्या निम्म्या लोकांच्या हातापायांवर तिने कधी ना कधी हाडजोडी बांधलेली आहे. आणि ज्या आईने तिला हे शिकवलं तिने हेही शिकवलं, की झाडाचं नाव घेऊन खोटं बोललं तर ते झाड तुझ्या हाताला गुण देत नाही. शिवाय, झाडं एकमेकांशी बोलतात; एकाला फसवलं की गोष्ट नाल्यापलीकडे जाते.

म्हणजे सरकारने निवडीचा अधिकार दिलेला, निवड अंतिम, पण नकार द्यायचा तर तो खराच द्यायला हवा.

आश्विनात साहेब आला. श्रीहरी त्याचं नाव. सावली तालुक्यातला, धानाच्या पट्ट्यातला, वय तीस-बत्तीस, कंत्राटी उद्यान सल्लागार. मोटरसायकलवरून उतरला, बुधरीबाईच्या पाया पडला. तिच्या मनातला पहिला संशय इथेच पक्का झाला. कंत्राटी असो की कायम, साहेब विनाकारण वाकत नाही.

दुसरा संशय त्याच्या पिशवीत होता. त्यातून चुना निघाला. आखरावर फिरत त्याने पाच-पाच पावलांवर पांढरे ठिपके टाकले. बुधरीबाई मागून मोजत गेली. साठ.

"हे का जी, साहेब?"

"खड्डे, बाई. झाडं लावाले. साहेब नका म्हनू, श्रीहरी म्हना."

"कोनतं झाड, साहेब?"

त्याने मोबाइल काढला. ताम्हण. राज्याचं फूल, एप्रिल-मेमध्ये जांभळ्या झुबक्यांनी झाड दिसेनासं होतं. श्रीहरीचा जीव ताम्हणावर होता, हे बोलण्यावरून कळत होतं. बुधरीबाई झाड ओळखत होती, नाल्याच्या काठाला चार उभी होती. शंभर वर्षं जगतं. सावली बैलगाडीभर.

"पाहनीवाले कवा येतात?" तिने विचारलं.

"जानेवारीत. दुसऱ्या आठवड्यात."

"जानेवारीत ह्या झाडाले पान बी नसते, बाबू. फूल येते आखातीचा सण उलटल्यावर. आनि आता लावलं तर पहिलं फूल पाहाले तुमचे साहेब पेन्शनीत."

हे सगळं खरं होतं. श्रीहरीने डोकं खाजवलं आणि नोंदवहीत लिहिलं : ताम्हण, बहर पाहणीकाळात नाही, अपात्र. नोंदवहीतली प्रत्येक ओळ खरी पाहिजे, त्यावर तिघांच्या सह्या होतात, असं त्याने स्वतःच बजावून सांगितलं. बुधरीबाईला तेवढंच हवं होतं.

पुढचे दोन तास आखरावर उभ्या-उभ्या फुलांची छाननी झाली. शहरातल्या रस्त्याकडेला लावतात तो जॅकरांडा, त्याचंही तेच, जानेवारीत नुसत्या काड्या. रुई, बारा महिने जांभळी, पाणी नको, राखण नको. पण चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि पाहणीला शाळेची पोरं उभी करणार. बेशरम, नाव तसा गुण, शेळी खाईल तर मरेल. घाणेरी खुद्द सरकारच मजूर लावून उपटतं. काळा धोतरा तर श्रीहरीने आपणहून गाळला. गोकर्णाच्या वेळी बुधरीबाईने त्याच्या पिशवीतला रंगांचा पुठ्ठा मागून घेतला. उपक्रमाने जांभळा म्हणजे नेमका कोणता, हे चौकटी छापून ठरवून दिलं होतं. गोकर्ण निळ्या चौकटीत गेलं. सदाफुली गुलाबीत.

"बाई, तुमची नजर लय पक्की आहे," श्रीहरी म्हणाला.

"मले दुरून दिसत नाई. जवळचं दिसते."

तो हसला. ती हसली नाही.

मग त्याने बोगनवेल दाखवली. आणि इथे बुधरीबाई अडली. जानेवारीत फुलते. पाणी मागत नाही. गुरं तोंड लावत नाहीत, काटे आहेत. विष म्हणावं तर नाही. रंग पुठ्ठ्यावर धरला तर चौकट कुठे संपते आणि फूल कुठे सुरू होतं ते कळू नये. आणि एकदा लागली की कुऱ्हाडीला दाद देत नाही. साठ ठिकाणी साठ वेली, काट्यांची जाळी, वर्षभरात आखरावर पाय ठेवायला जागा नाही, मग टोपली कुठली ठेवता.

"एक नंबर फूल आहे, बाई. लिहू का?"

"उद्या सांगते."

"उद्या कायले? का खराबी आहे तिच्यात?"

"खराबी दिसत नाई, म्हनून उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार किलोमीटर चालून आश्रमशाळेला गेली. शाळेच्या फाटकावर बोगनवेल होती. बुधरीबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि बसून राहिली. शाळेच्या चौकीदाराने आधी दुर्लक्ष केलं, मग खोकला, मग जवळ आला.

"का पाहून राह्यली, बाई? कोनाले भेटाचं आहे?"

"हिले."

"ते वेल आहे."

"म्हनूनच बसली. मानूस असता तर कवाचं कळलं असतं."

चौकीदार लांब जाऊन उभा राहिला आणि तिथून तिच्यावर नजर ठेवू लागला. बुधरीबाई वेलीवर नजर ठेवून होती. दुपार कलली. खाली गळून पडलेली फुलं वाऱ्याने सरकत होती आणि कागदासारखी खरखर वाजत होती. फूल असं वाजत नाही. मोहाचं फूल गळतं ते टपकन, पळसाचं मऊ पडतं, कुजतं. हे वाळतं, वाजतं आणि रंगही तसाच ठेवतं. तिने एक उचलून उन्हाकडे धरलं. आत शिरा. मध्ये एक जाड, तिला दोन्हीकडे फुटलेल्या बारीक. मग वेलीवरचा एक ताजा झुबका तोडला आणि उघडला. तीन जांभळ्या पाकळ्या म्हणून जे होतं त्याच्या आत तीन बारीक नळ्या, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी पांढरं, मुगाएवढं फूल.

चौकीदार धावत आला. "तोडाचं नाई!"

"तोडलं तर तोडलं. तुमची शाळा आहे ना? मंग शिका," असं म्हणून तिने एक फांदी आणखी तोडली आणि निघाली.

श्रीहरी त्याच्या पुढच्या दिवशी आला तेव्हा फांदी करवंटीतल्या पाण्यात ठेवलेली होती. बुधरीबाईने एक झुबका त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे जांभळं आहे, ते पान आहे. फूल आत आहे. पांढरं."

श्रीहरीने झुबका उलटा करून पाहिला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला त्याने हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्यावर दोन गुणही मिळाले होते. तेव्हापासून तो बोगनवेलीला फूलच म्हणत आला होता.

"बाई, साऱ्या दुनियेले हे फूल वाटते."

"दुनियेले वाटू द्या. कागदात 'जांभळी फुलं' म्हटलं आहे, 'जांभळी पानं' नाई. सह्या तिघांच्या आहेत."

त्याने लिहिलं : बोगनवेल, फुलाचा रंग पांढरा, अपात्र. लिहून झाल्यावर टोपण लावलं, वही मिटली. मग जिची ती दोन दिवस वाट पाहत होती ती आपुलकी त्याच्या आवाजात आली.

"आता खरं सांगा. तुमाले इथी झाड काऊन नको?"

करिश्मा दारात होती, ती थांबली. बुधरीबाईने आखराकडे पाहिलं. खोटं बोलायचं तर हीच वेळ. पण प्रश्न झाडाचा होता.

"ऊन जाते," ती म्हणाली.

"ऊन कायले पाह्यजे?"

"गुराईले."

गुरांच्या बाबतीत तिला आईने काही शिकवलं नव्हतं.

श्रीहरी उठला, आखरावर गेला. चुन्याच्या ठिपक्यांमधून चालत मध्यावर थांबला, खाली वाकला आणि मुरमातून काहीतरी उचललं. मागच्या हंगामाचं एक वाळकं मोहफूल, पावसाळ्यातून कसं कोण जाणे शिल्लक राहिलेलं. बोटांत फिरवलं. वास घेतला. कोलूच्या बरडीवर त्या माणसाने असंच कोदोचं कणीस खिशात घातलं होतं, ते पुढे पंचनाम्याला जोडलं गेलं.

श्रीहरीने मोहफूल तोंडात टाकलं, चावलं आणि गिळलं.

"पुरावा खाल्ला त्यानं," करिश्मा कुजबुजली.

"खाल्ला मतलब ओळखला," बुधरीबाई म्हणाली. "ओळखला, ते जास्त वाईट."

परत येऊन तो मोहाबद्दल अक्षर बोलला नाही. म्हणाला, "हंगामी फूल चालंल का? अॅस्टर म्हनून आहे. थंडीचं."

"किती दिवस जगते?"

"तीन-चार महिने. शिमग्याच्या आधीच वाळून जाते."

"मुळं?"

"बोटभर."

"उपटाले?"

"चिमटीनं येते."

"हे चांगलं फूल आहे," बुधरीबाई म्हणाली. दोन दिवसांत तिच्या तोंडून फुलाला निघालेला हा पहिला चांगला शब्द. पण लगेच ती सावध झाली. इतकं नेमकं फूल, शिमग्याच्या आधी मरणारं, यानेच का सुचवलं? गळ टाकून राह्यला का? "तुमच्या कागदात तर कायमस्वरूपी आहे."

"दरवर्षी लावू."

"देव बी आमी दरवर्षीच जागवतो," ती म्हणाली. यावर तो काय लिहितो ते करिश्माने मागून वाचलं : दरवर्षी पुनर्लागवडीद्वारे कायमस्वरूपी.

अॅस्टर लागले. जानेवारीपर्यंत आखरावर जांभळे वाफे असे उभे राहिले की गुरंही थबकून वळसा घालू लागली. राहिली पुष्परचना. त्यातही बुधरीबाईने तोच पुठ्ठा लावला. बांधावरची लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फुलली होती, श्रीहरीच्या गावाकडे शेतंच्या शेतं असतात, त्याला ती फार आवडे. तरी निळी ठरून ती गेली. वांग्याचं फूल रंगाने पास झालं पण मान खाली घालून राहतं. "राहू द्या एक-दोन," कोलू म्हणाला, "साहेब लोकाईले मान खाली घातलेलं आवडते." शेवटी कुंपणावरच्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांच्या वेलाचे जांभळे तुरे तोडून बांबूच्या टोपलीत उभे केले. पथकातल्या एका बाईंनी फोटो काढत विचारलं, "ऑर्किड का?" करिश्मा म्हणाली, "पोपट." बाईंनी तसं लिहून घेतलं. पाहणी वीस मिनिटांत आटोपली. पथकातलं कोणी बुधरीबाईशी बोललं नाही, आणि ती त्यांच्या बुटांकडे बघत राहिली : कोण किती लांब चालतं, कोण पावलं मोजतं. कोणी मोजली नाहीत. तिला तेही खटकलं.

माघात अॅस्टर वाळले. बायांनी ते चिमटीने उपटले, आखर झाडलं, शेणाने सारवलं. बुधरीबाई रोज सकाळी रस्त्याकडे पाही. चर खणणारे येतील, तार येईल. श्रीहरी चांगला असेल. कोलूच्या बरडीवर आलेला माणूसही चांगलाच होता. शिमगा झाला, मोह गळायला लागला, टोपल्या आखरावर रिकाम्या होऊ लागल्या, आणि चैत्रातल्या एका दुपारी मोटरसायकलचा आवाज आला.

बाया उठून उभ्या राहिल्या. बुधरीबाई उठली नाही. पसरलेल्या मोहाच्या मधोमध बसून राहिली, म्हणजे नेणाऱ्याने आधी तिला उचलावं.

श्रीहरीने चपला कडेला काढल्या. मोहावर पाय पडणार नाही अशा बेताने वाट काढत तो तिच्यापर्यंत आला आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक कागद दिला.

"का आहे हे?"

"प्रमाणपत्र, बाई. दुसरा नंबर."

"पहिला कोनाचा?"

"पिवळा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो मोहाकडे बघत नव्हता. एवढं आखरभर पसरलेलं असताना इकडेतिकडे, आकाशाकडे, रस्त्याकडे, सगळीकडे बघत होता, मोहाकडे नाही. हे चांगलं की वाईट, याचा निकाल तिने अजून लावलेला नाही. तिने कागद करिश्माकडे दिला आणि करिश्माने तो उन्हात उभं राहून वाचला :

'प्रमाणित करण्यात येते की, मौजे रेंगाटोला येथील विनावापर शासकीय जागेवर स्थानिक पुष्पज्ञानधारक श्रीमती बुधरी लच्छू हिचामी यांच्या मार्गदर्शनाखाली कायमस्वरूपी जांभळे उद्यान विकसित करण्यात आले असून, आज रोजी प्रत्यक्ष पाहणी केली असता ते पूर्ण बहरात असल्याचे आढळून आले.'

खाली तारीख त्याच दिवसाची होती, आणि त्या दिवशी तिथे सव्वीस घरांचा मोह वाळत होता.